उशीवाले मामा आणि अकरावा प्रश्न

पुण्यात झोपेला जितका मान माझ्या बायकोच्या मामांनी दिला, तितका आजवर दुसऱ्या कुणीही दिला नसेल. माणसं गुरुजींना मान देतात, बँकेच्या मॅनेजरला देतात; मामा झोपलेल्या माणसाला देत. कुणी डोळे मिटून पडलेला दिसला की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा आणि चेहऱ्यावर गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखा भाव यायचा. एकदा आम्ही दोघं बसने कोथरूडला परतत होतो. मामा खिडकीशी, आणि त्यांच्या शेजारी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी गाढ झोपलेली. आमचा थांबा आला आणि गेला. मी मागच्या बाकावरून वाकून म्हटलं, "मामा, उतरायचं होतं ना?" मामा ओठांवर बोट ठेवून कुजबुजले, "तिला उठवावं लागेल रे. राहू दे." डेपो आल्यावर ती स्वतःहून जागी झाली, ओशाळून "सॉरी हं काका" म्हणाली, आणि आम्ही भर उन्हात दोन थांबे मागे चालत आलो. वाटेत मामा एवढंच म्हणाले, "मान डावीकडे फार पडते तिची. तीन इंची उशी हवी."

कोथरूडात मामांचं गाद्या-उशांचं दुकान होतं. गाद्या नावाला, खरा जीव उशांत. प्रत्येक उशी माप घेऊन शिवायची: मानेची उंची, खांद्याची रुंदी, झोपताना कूस कोणती. आत सावरीचा मऊ कापूस भरायचा की साधा, ते गिऱ्हाईक किती वेळ बोलतं त्यावरून ठरायचं. फार बोलणाऱ्याला घट्ट उशी, गप्प माणसाला मऊ. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या लग्नात आहेर हातात देताना ते माझ्याकडे निरखून बघत मला म्हणाले होते, "मान लांब आहे. चार इंची लागेल." आशीर्वाद म्हणून तेवढंच.

दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'दुपारी एक ते चार उघडे'. पुण्यात बाकीची दुकानं ज्या वेळात शटर ओढून घेतात, नेमकी तीच वेळ. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे, उशी पडून बघायची वस्तू आहे. सकाळी अकरा वाजता कुणाला खरी झोप येते? दुपारी माणूस खोटं पडूच शकत नाही." दुकानात एका बाजूला दोन गाद्या अंथरलेल्या असत. गिऱ्हाइकाने उशी घेऊन तिथं पडायचं. डोळा लागला तर उशी जमली. मग त्याला उठवायचं नाही. कित्येक दुपारी मी गेलो की दोन अनोळखी माणसं शांत घोरत असायची, मामा पाय मुडपून अभ्र्याला टाके घालत असायचे आणि वरच्या झरोक्यातून आलेल्या उन्हात कापसाचे बारीक तंतू खाली न पडता नुसते तरंगत राहायचे. त्या दुकानात वेळ जागच्या जागी कूस बदलायचा. मी कामाला म्हणून जायचो आणि अर्धा तास भिंतीला टेकून नुसता तंतू बघत बसायचो.

सगळ्यांनाच उशी मिळायची असंही नाही. एक गृहस्थ आले, झोप येत नाही म्हणाले आणि बोलता बोलता भावाशी सहा महिने अबोला असल्याचं सांगून बसले. मामांनी मोजपट्टी गुंडाळून ठेवली. "तुम्हाला उशी नको. आधी भावाला फोन करा. मग या." ते चिडून गेले. पुन्हा आले नाहीत. मामांना त्यात समाधान, "म्हणजे फोन केला असणार."

माझा व्यवसाय लहान दुकानांना वेबसाइट करून देण्याचा. मामांच्या मागे लागलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली. दुकानात ते गिऱ्हाइकाला जे अकरा प्रश्न विचारतात, ते तसेच्या तसे वेबसाइटवर विचारायचे. कूस कोणती, खोलीत उजेड किती, पंखा डोक्यावर की पायाशी, असे दहा. आणि अकरावा: 'झोप येत नसेल, तर पडल्यापडल्या मनात काय येतं?' मी म्हटलं, "मामा, याचं उत्तर कोण लिहिणार आहे?" ते म्हणाले, "चौकट मोठी ठेव."

मोठी ठेवली, तरी पुरली नाही. सांगलीहून, नाशिकहून, जर्मनीत नोकरीला असलेल्या कुणा मुलाकडून, लोक लिहीतच सुटले. समोर माणूस नाही, नुसती पांढरी चौकट, बहुधा म्हणूनच. मी ती उत्तरं मोठ्या अक्षरात छापून द्यायचो आणि मामा दुपारी ती एकेक करून वाचायचे. वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवायचे, बराच वेळ कापसात हात घालून बसायचे, आणि मग त्या माणसाची उशी भरायला घ्यायचे. मला कधी विचारलं नाही, सांगितलंही नाही. फक्त एखादे वेळी म्हणायचे, "हिला सावरीचा."

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी फोन आला. मामांचे हात कापसात, म्हणून मी स्पीकर लावला.

"उशीचं दुकान का?" बाईंचा आवाज, स्पष्ट आणि कोरडा.

"हो ताई, बोला."

"मी वारज्याहून बोलतेय. पंधरा दिवसांपूर्वी तुमची उशी आली. उशी चांगली आहे. तक्रार उशीची नाही. माझे यजमान गेले, हे मी तुमच्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं. फक्त तिथंच लिहिलं. आता मी फोनवर भाजीची कृती बघायला गेले तरी मला एकटेपणावरच्या गोळ्या दाखवतात, झोपेची औषधं दाखवतात, वर्षश्राद्धासाठी हॉल दाखवतात. आम्ही बौद्ध आहोत. आमच्याकडे श्राद्ध करत नाहीत. माहिती चोरायची तर पूर्ण तरी चोरावी. तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"मी? मी कुणालाच नाही सांगितलं, ताई."

"मग कुणी सांगितलं?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी सांगितलं ते मला कळलं होतं. वेबसाइटवर किती लोक येतात, काय बघतात हे समजावं म्हणून मी एका जाहिरात कंपनीचा फुकट मिळणारा कोडचा तुकडा तिच्यात जोडला होता. सगळेच जोडतात. मी त्याच्या सेटिंगकडे नीट पाहिलं नव्हतं. माणूस चौकटीत काय लिहितो, तेही तो तुकडा उचलून कंपनीकडे पाठवत होता.

मी मामांना हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्या बाई मला सांगत होत्या, आणि दाराआड कुणीतरी उभं होतं."

"हो."

"आणि त्याला तू उभं केलं होतंस."

"चुकून, मामा."

"चुकूनच रे. तू वाईट नाहीस." ते असं म्हणाले म्हणून मला जास्त लागलं. "आत्ता बंद होईल?"

मी तिथंच बसून तो तुकडा काढला आणि फॉर्म बंद केला. मामांनी हातातली अर्धी भरलेली उशी तशीच बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन वारज्याला निघाले. आम्ही बसने गेलो, पत्ता शोधत एका सोसायटीचा तिसरा मजला चढलो, बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. उंच बाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्यांच्या मागे हॉलमध्ये बुद्धाची पांढरी मूर्ती आणि शेजारी हार घातलेला एक फोटो.

"कोण आपण?"

"उशीचं दुकान, ताई. माफी मागायला आलो."

बाईंनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझा पत्ता कुठून मिळाला?"

मामा गडबडले. "तुम्हीच दिला होतात ना. फॉर्ममध्ये."

"तो उशी पोचवायला दिला होता," बाई म्हणाल्या. "माफी पोचवायला नाही."

दार बंद झालं. आपटलं नाही, अगदी हळू, कडीचा आवाजही न करता. मामा जिन्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, म्हातारा आता खचला. पण त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. "बरोबर बोलल्या रे," ते म्हणाले. "अगदी बरोबर बोलल्या." परतीच्या बसमध्ये ते तेच वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होते: उशी पोचवायला दिला होता. जर्मनीहून मागणी आली तेव्हा एका वकिलाने मला या विषयावरचा जाडजूड मसुदा दिला होता. आपल्याकडे ग्राहकांची माहिती जपण्याचा कायदा आलाय, जर्मनीतल्या गिऱ्हाइकामुळे तिकडचेही नियम लागतात, असं सगळं त्यात होतं. मी तो तीनदा वाचला होता. पण ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला ती वापरायची, ही गोष्ट मला त्या दिवशी त्या बसमध्ये कळली.

मग आमचं काम सुरू झालं. मी म्हटलं, "खाली एक पट्टी टाकतो, 'आम्ही कुकीज वापरतो' म्हणून. लोक ओके दाबतात आणि पुढे जातात."

"कुकी म्हणजे?"

"आपण गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये ठेवलेली चिठ्ठी. पुन्हा आला की ओळखायला."

"त्याला न विचारता त्याच्या खिशात चिठ्ठी घालायची?"

"विचारतो ना. म्हणून तर पट्टी. 'स्वीकारा' मोठं आणि रंगीत करायचं, 'नको' बारीक, एका कोपऱ्यात."

मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी कुणाच्या उशीत खडे भरायला सांगतोय. शेवटी पट्टीवरचा मजकूर त्यांनीच लिहिला. तो असा: 'तुम्ही टोपलीत काय ठेवलंत हे लक्षात राहावं म्हणून एक चिठ्ठी तुमच्या फोनमध्ये ठेवावी लागते. ती तुम्ही गेलात की जाते. आणखी एक ठेवू का? तिच्यामुळे कोणतं पान जास्त वाचलं जातं ते आम्हाला कळेल. नको म्हणालात तर तुमच्या उशीत काहीही फरक पडणार नाही.' खाली दोन बटणं, 'ठेवा' आणि 'नको'. दोन्ही सारखी झाली की नाही हे मामांनी मोजपट्टी स्क्रीनला लावून पाहिलं. 'नको' एका केसाएवढं लहान निघालं. मला ते पुन्हा करावं लागलं, आणि मगच फॉर्म परत सुरू झाला.

खरी अडचण पुढे होती. मामांचं म्हणणं, आजवर ज्यांनी ज्यांनी अकराव्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं, त्या प्रत्येकाला झालेली गोष्ट कळवायची. मी हात जोडले. "मामा, दुकान बसेल. कुणाच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही."

"म्हणूनच कळवायचं."

"नियमात बसवून, मोघम लिहितो."

"मोघम नको. कापूस म्हणून चिंध्या भरायच्या नाहीत."

तीन दुपारी बसून आम्ही ते पत्र लिहिलं. काय गेलं, कुणाकडे गेलं, कुणाच्या चुकीने गेलं. चूक माझी, पण मामांनी 'आमच्या' असं लिहायला लावलं. त्या कंपनीला सगळं पुसायला सांगितल्याचं कळवलं, आणि तुमचं उत्तर आमच्याकडूनही पुसून हवं असेल तर फक्त 'पुसा' एवढं लिहा, असं सांगितलं. पत्रं गेली. दुसऱ्या दिवसापासून 'पुसा' यायला लागलं. कुणी नुसतं पुसा, कुणी शिव्या देऊन पुसा. एकाने 'तुम्हाला मी देवमाणूस समजत होतो' एवढंच लिहिलं. ते वाचून मामा दुकानातल्या गादीवर आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले. दोन-तीन आठवडे एकही मागणी आली नाही. दुपारी एक ते चार आम्ही दोघं, आणि तरंगणारे तंतू. मी मनातल्या मनात दुकानाला हार घालून मोकळा झालो होतो.

आणि मग एका दुपारी वारज्याच्या बाई स्वतः आल्या. गिऱ्हाइकांच्या माहितीचं आम्ही काय करतो ते सांगणारी सूचना मी वकिलाच्या मसुद्यावरून वेबसाइटवर टाकली होती; बाईंच्या हातात तिची छापील प्रत आणि तिच्यावर लाल शाईच्या खुणा. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही.

"तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय, माहिती 'आवश्यक तेवढा काळ' ठेवू. आवश्यक म्हणजे किती?"

मी म्हटलं, "अहो, तसंच लिहायची पद्धत आहे."

"मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं फायली सांभाळल्यात. आवश्यक तेवढा काळ म्हणजे कायम."

मामांनी लगबगीने बसायला वेताचा मोडा पुढे केला. "तुम्ही सांगा किती ते."

बाई बसल्या. "उशी पोचली. बदलून द्यायची मुदत तीन महिने. ती संपली की काम संपलं. फाइल बंद." मामांनी मान डोलावली आणि मी तिथल्या तिथे तसं लिहिलं. बाईंनी आणखी सात ठिकाणं दाखवली. त्यात दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "माझं उत्तर पुसा. माझ्यासमोर."

मी त्यांचं पान उघडलं, स्क्रीन मामांकडे वळवली. बटण मामांनीच दाबलं. पान गेलं. कागदाची प्रत मामांनी फाडून बाईंच्या हातात दिली.

"तुम्ही वाचलं होतंत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"ते कसं पुसणार?"

मामांनी हात जोडले. "ते माझ्याकडून पुसलं जाणार नाही, ताई. मी खोटं सांगत नाही. पण ते मी कुणाशी बोलणार नाही. या जावयाशीसुद्धा नाही."

बाईंनी कागदाचे तुकडे एकावर एक नीट रचले. "चालेल," त्या म्हणाल्या. "तेवढं राहू द्या."

त्यांनी कागद पर्समध्ये ठेवले, पण उठल्या नाहीत. भिंतीला टेकल्या. बाहेर रस्ता सुस्तावलेला, आत मामांच्या सुईचा बारीक आवाज. पाचेक मिनिटांनी मी पाहिलं तर बाईंचे डोळे मिटलेले आणि मान हळूहळू खांद्यावर आलेली. मामांनी हात थांबवला. माझ्याकडे बघून त्यांनी खुणेनेच सांगितलं, पंखा कमी कर. चार वाजले, साडेचार वाजले. मामांचं दुकान चारनंतर उघडं राहिलेलं मी त्याच दिवशी पाहिलं. बाई जाग्या झाल्या तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "सातव्या मुद्द्यात 'ळ' चुकलाय. दुरुस्त करा."

हे सगळं इथं लिहिण्याआधी मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव घालू नका. आणि कुत्र्याबद्दल लिहू नका." म्हणून कुत्र्याबद्दल लिहिलेलं नाही.

दुकान बसलं नाही. ज्यांनी 'पुसा' लिहिलं, त्यांच्यातल्याच काहींनी पुढे आपल्या माणसांना आमचं नाव सांगितलं. देवमाणूसवाले काही परत आले नाहीत. पण मामांना परवानगीचा नाद लागला, तो लागलाच. चहावाल्या मावशींना ते एके दिवशी गंभीरपणे म्हणाले, "मला साखर कमी लागते हे तुम्ही लक्षात ठेवलंय. ठेवा. पण दुसऱ्या कुणाला सांगायचं झालं तर मला विचारा." मावशी घाबरून दोन दिवस त्यांना विचारून विचारून चहा देत होत्या. कुणाचा लग्नाचा अल्बम हातात आला की मामा आधी नवऱ्या मुलीला फोन करायचे, "बघू ना गं?" आणि दर महिन्याच्या शेवटच्या दुपारी, ज्यांचे तीन महिने भरले त्यांची उत्तरं पुसायला ते माझ्या शेजारी बसायचे. हे काम आपोआप होईल अशी सोय मी करून देतो म्हणालो, तर नको म्हणाले. प्रत्येक उत्तर शेवटचं एकदा वाचायचे, जरा थांबायचे आणि बटण दाबायचे. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जावं तसं.

आता मामांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. दुकान माझी बायको बघते. वेळ तीच ठेवली आहे. मामा घरी गॅलरीत आरामखुर्चीवर बसून खालच्या रिक्षात झोपलेल्या चालकांच्या माना मोजत असतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. दुपारची वेळ, वाळत घातलेल्या चादरींची सावली आमच्या दोघांवर हलत होती. बोलता बोलता माझ्या एकदम लक्षात आलं, की इतक्या लोकांना आयुष्यभर जे विचारलं, ते या माणसाला कुणीच विचारलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी मामी गेल्या, तेव्हासुद्धा नाही.

मी म्हटलं, "मामा, झोप येत नसेल तेव्हा पडल्यापडल्या तुमच्या मनात काय येतं?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "लिहून घेणार नाहीस ना?"

"नाही."

मग त्यांनी सांगितलं. चादरीची सावली त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून भिंतीवर गेली तोवर सांगत होते. सांगून झाल्यावर त्यांनी हात माझ्या हातावर ठेवला, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. मी हात काढून घेतला असता तर ते जागे झाले असते. मी संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिलो.